भोंगे वाढले, शब्द हरवले

लिंबागणेश म्हटले की बाहेरच्यांना भालचंद्र गणपती आठवतो. आम्हा इथल्यांना त्याच्या जोडीने आठवतात ते गावोगावचे हरिनाम सप्ताह. गेल्या काही वर्षांत बालाघाटाच्या या पट्ट्यात अनेक जुने मंडप जाऊन स्लॅबचे सभामंडप उभे राहिले. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना टाइल्स. तेव्हापासून म्हातारी माणसे एकच तक्रार करतात : कीर्तन ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. मग आणखी दोन भोंगे लागतात. तक्रार मात्र तशीच राहते.

या कोड्याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालेले आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात व्याख्यान कळेना, म्हणून वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला दुरुस्ती सांगण्यात आली. रिकाम्या सभागृहात एक शब्द साडेपाच सेकंद घुमत होता. सबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, पसरून ठेवी आणि ऑर्गनची नळी वाजवून घड्याळावर वेळ मोजी. गाद्या वाढल्या की घुमणे कमी होई. त्यातून त्याने नियम काढला : जागेचे घनफळ (घनमीटर) गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारे क्षेत्रफळ. उत्तर येते ते निनादकाळाचे, म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा लाखांश होईपर्यंतच्या सेकंदांचे. शोषणाचे त्याचे माप होते उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हा नियम आपल्याकडे लावू. २० मीटर लांब, १२ रुंद, ६ उंच असा सभामंडप धरा. घनफळ १,४४० घनमीटर. फरशी, स्लॅब व भिंती मिळून ८६४ चौरस मीटर, पण गुळगुळीत पृष्ठभाग दोनच टक्के आवाज शोषतो, म्हणजे सुमारे १७. दारे-खिडक्या २० धरू. एक बसलेला माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा आवाज शोषतो. आता पाहा : मंडप रिकामा असताना निनादकाळ ६.३ सेकंद, रोजच्या हरिपाठाला २० माणसे असताना ४.९, सप्ताहात २०० माणसे बसली की १.७. भरल्या मंडपात कीर्तन रंगते, त्यामागे भक्तीबरोबर हे गणितही आहे.

बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. पाच सेकंदांच्या निनादात वीस-पंचवीस अक्षरे एकमेकांवर चढतात. भोंगा वाढवला की शब्दही मोठा होतो आणि त्याची घुमही तितकीच मोठी होते. म्हणून उपयोग शून्य.

घुमणे मुळात वाईट नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, आपण ज्याला सुताराची झोपडी म्हणतो तिथे, दगडी फासळ्यांच्या कमानदार छताखाली एक लांबवलेला स्वर म्हटला की तो चहूबाजूंनी परत येतो आणि ऐकणारा त्या स्वराच्या आत उभा असतो. संथ पठणाला अशी जागा साथ देते. उलट मुंबईचे १९८० मधले टाटा थिएटर बांधताना सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाची मदत घेतली गेली, ती ध्वनिवर्धकाशिवाय गायन-वादन शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचावे म्हणून.

कीर्तनाची अडचण वेगळी आहे. त्यात गजर आहे आणि निरूपणही. टाळ-मृदंगाला थोडी घुम हवी, निरूपणाला ती नको. दोन्ही सांभाळायचे तर निनादकाळ एक ते दीड सेकंदाच्या आसपास लागतो.

हे साधायला मोठा खर्च नको. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर, भिंतीपासून वीतभर सोडून, चुण्यांचे जाड पडदे ६० चौरस मीटर लावले तर शोषण सुमारे ३० ने वाढते. हरिपाठाच्या वेळचे ४.९ सेकंद ३ वर येतात. पडदे वाढवले की आणखी खाली. एका मोठ्या भोंग्याऐवजी श्रोत्यांजवळ लहान स्पीकर हळू आवाजात लावावेत. आणि नव्या मंडपाच्या भिंतींना टाइल्स लावण्याआधी कुणीतरी मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळी मनातल्या मनात पाच मोजेपर्यंत घुमली, तर टाइल्सचे पैसे पडद्यांकडे वळवावेत. म्हातारी माणसे कीर्तनाला येतात ती शब्दांसाठी.