दाढ नव्हे, जबडा दुखतोय
मैत्रिणींनो, कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तो दुखला की दाढच दुखतेय असं वाटतं, आणि कधी कधी चांगली दाढ काढली जाते. बऱ्याचदा कारण असतं झोपेत दात खाणं, नाहीतर ताणात दात आवळणं. म्हणून आपण ओठ मिटले तरी दात सुटे ठेवू. कोमट ओल्या फडक्याने १५ मिनिटं शेकू. काही दिवस भाकरी आमटीत कुस्करून खाऊ. जांभईला हनुवटीखाली मूठ धरू. सुपारी बंद, आपल्याला हेच सगळ्यात जड जातं! पण आपली ३ बोटं एकावर एक तोंडात मावत नसतील, तिखट झोंबत असेल, तर सुपारी-गुटख्याने तोंड आखडत असेल. त्याला शेक पुरत नाही. लगेच दंतवैद्याला दाखवू.