वेबसाइट आणि घरातला पैसा : काही गोड गैरसमज

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस खानापूर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका घरी जाण्याचा योग आला. घर कष्टाळू माणसांचे. घरची माउली उन्हाळ्यात फणसाचे गरे तळते, पावसाच्या तोंडावर कोकमाचे आगळ भरून ठेवते आणि थोरला मुलगा तो माल बेळगावच्या बाजारात नेऊन विकतो. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र ओसरीवर कोणी कोणाशी बोलत नव्हते. चौकशी करता उलगडा झाला. शहरातील एका गृहस्थाने साठ हजार रुपयांत वेबसाइट करून देण्याचे कबूल केले होते आणि ती झाली की दरमहा तीस हजारांची प्राप्ती घरबसल्या होईल, असे तोंडभरून आश्वासन दिले होते. एवढी रक्कम घरात नव्हती. तेव्हा आईच्या चार बांगड्या पतसंस्थेत गहाण ठेवाव्यात, असे मुलाने मनाशी ठरविले होते.

"काका, तुम्ही तरी आईला समजवा," मुलगा म्हणाला.

"दादा, तुम्ही ह्यालाच समजवा," माउली म्हणाली.

त्या रात्री आम्ही उभयतांशी जे बोललो, तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत. कारण हा प्रश्न आज त्या एकाच घरापुढे उभा आहे असे नाही.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की, वेबसाइट ही वस्तू वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत १९८९ साली या जाळ्याची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते तंत्र कोणतेही शुल्क न आकारता साऱ्या जगाला खुले केले. त्यामुळेच आज खेड्यातील मुलालाही त्यावर आपले पान उघडता येते. ही देणगी लहान नव्हे. परंतु ती देणगी दाराची आहे. त्या दारातून कोण आत येईल, याची हमी तिच्यात नाही. हा भेद ध्यानात न राहिल्याने पुढील गैरसमज उत्पन्न होतात.

पहिला गैरसमज : वेबसाइट झाली की गिऱ्हाईक आपोआप येते.

बाजारपेठेतील दुकानापुढून माणसे जात-येत असतात; पाटी वाचून एखादा तरी आत शिरतो. वेबसाइटचे तसे नाही. ती रानात बांधलेल्या दुकानासारखी असते; तेथवर वाट पाडावी लागते. शोधयंत्र नव्या पानाची नोंद घेईल हे खरे, पण ते वरच्या ओळीत दाखवील असे नाही. लोकांना त्या पानाचा कितपत उपयोग आहे आणि इतर किती पानांनी त्याचा निर्देश केला आहे, इत्यादी अनेक गोष्टी ते तपासते. त्यात महिनेच्या महिने जातात.

या संदर्भात 'रेडबस'चे उदाहरण बोलके आहे. २००५ सालच्या दिवाळीत बंगळूरुत नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या तरुणाला गावी जाण्यासाठी हैदराबादच्या बसचे तिकीट मिळाले नाही. कोणत्या गाडीत किती जागा शिल्लक आहेत, हे एका ठिकाणी कळण्याची सोयच नव्हती. त्यातून २००६ साली त्याने आणि त्याच्या मित्रांनी ही वेबसाइट सुरू केली. मात्र ती मंडळी यंत्रापुढे बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिली नाहीत. ती बसमालकांकडे आणि तिकीट विकणाऱ्या दलालांकडे गेली, तो धंदा समजून घेतला आणि आरंभी मिळालेल्या मोजक्या जागा विकून दाखविल्या. अडचण खरी होती, ती हजारोंची होती, आणि पायपीटही खरी होती. वेबसाइट हे त्या साऱ्याचे शेवटचे टोक होते.

दुसरा गैरसमज : खर्च मोठा, तर मिळकत मोठी.

अमेरिकेत १९९८ साली 'पेट्स डॉट कॉम' नावाची वेबसाइट निघाली. पाळीव कुत्र्यामांजरांचे खाणे व इतर वस्तू ती घरपोच देई. भांडवलदारांनी पैसा ओतला. जानेवारी २००० मध्ये, तेथे सर्वांत अधिक पाहिल्या जाणाऱ्या फुटबॉल सामन्याच्या वेळी तिने दूरचित्रवाणीवर दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीची जाहिरात केली. तिच्यातील मोज्याचे बाहुले घराघरांत ठाऊक झाले. फेब्रुवारीत तिचे समभाग ११ डॉलर दराने बाजारात आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने दुकान मिटले. कारण साधे होते. खाण्याची पोती जड, ती पोहोचविण्याचा खर्च भारी, आणि विक्रीचा भाव मात्र खरेदीहूनही कमी. जितका माल खपे तितकी तूट वाढे.

याउलट क्रेग न्यूमार्क या गृहस्थाने १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांना गावातील कार्यक्रमांची यादी ई-मेलने पाठविण्यास आरंभ केला. तिचीच पुढे 'क्रेग्जलिस्ट' ही वेबसाइट झाली. तिचे रूप आजही अगदी साधे आहे. अक्षरे आणि दुवे, याहून फारसे काही नाही. बहुतेक जाहिराती फुकट. नोकरीच्या जाहिरातींसारख्या काही प्रकारांनाच शुल्क. एवढ्यावर ती उत्तम चालली. लोकांना घर हवे होते, नोकरी हवी होती, जुनी खुर्ची विकावयाची होती; ते काम तेथे होत होते. रंगरंगोटीवाचून कोणाचे अडले नाही.

तिसरा गैरसमज : एक नामी युक्ती सुचली की बस्स!

२००५ साली अ‍ॅलेक्स ट्यू या एकवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला महाविद्यालयाच्या खर्चाची चिंता होती. त्याने एकच पान तयार केले, त्याचे दहा लाख बारीक ठिपके पाडले आणि जाहिरातीसाठी एकेक ठिपका एका डॉलरला विकावयास काढला. वृत्तपत्रांनी ही नवलाई उचलून धरली आणि जानेवारी २००६ पर्यंत सारे ठिपके विकले जाऊन दहा लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. ही गोष्ट सत्य आहे आणि वेबसाइट विकणारे लोक ती मोठ्या चवीने सांगतात. ते सांगत नाहीत ते एवढेच की, त्यानंतर तसलीच पाने काढणारे अनेकजण पुढे आले आणि त्यांना कोणी विचारले नाही. नवल एकदाच विकले जाते.

शिवाय जी नावे आज आपल्या कानांवर रोज पडतात, त्यांनाही काळ लागलाच. 'अ‍ॅमेझॉन'ने १९९५ साली पुस्तके विकण्यास प्रारंभ केला. संपूर्ण वर्षाचा नफा तिने प्रथम पाहिला तो २००३ साली. तिच्या पाठीशी भांडवलदार होते, म्हणून ती तेवढी वर्षे थांबू शकली. गहाण ठेवलेल्या बांगड्यांचे व्याज तितका काळ थांबत नाही.

चौथा गैरसमज : जाहिराती लावल्या की झोपेतही पैसा येतो.

'गूगल'ने २००३ साली 'अ‍ॅडसेन्स' ही योजना काढली. आपल्या पानावर ती कंपनी जाहिराती दाखविते आणि मिळकतीतील वाटा पान चालविणाऱ्याला देते. मराठी पानांनाही ही सोय आहे. पण जमा रक्कम १०० डॉलर होईपर्यंत ती हाती पडत नाही. आता हिशेब करून पाहू. समजा, पान हजार वेळा उघडले गेले असता एक डॉलर मिळतो. मग १०० डॉलरांसाठी ते एक लाख वेळा उघडले गेले पाहिजे. रोज दोनशे वेळा उघडले गेले, तर त्यास पाचशे दिवस लागतील. दर कमीअधिक होईल. परंतु हिशेबाची जात हीच. स्वतःच किंवा नातलगांकरवी त्या जाहिरातींवर बोट दाबून बेरीज वाढवू म्हणाल, तर खातेच बंद होते. इतरांचे लेख उतरवून पाने भरू म्हणाल, तर २०११ साली गूगलने शोधाचे नियम कडक केले तेव्हापासून तसल्या पानांना मागे ढकलण्यात येते. आणि चोरीचा दोष लागतो तो वेगळाच.

पाचवा गैरसमज : एकदा केली की ती कायमची आपली.

वेबसाइटचे नाव विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते. मुदत सरण्यापूर्वी पैसे भरले नाहीत, तर तेच नाव दुसरा घेऊ शकतो. ज्या यंत्रावर ती ठेवलेली असते त्याचेही भाडे असते आणि पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पुढे वाढतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे ही. करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावे नोंदविले, तर धंदा तुमचा आणि किल्ली त्याची!

फुकटच्या जागेवर विसंबणेही धोक्याचे. 'जिओसिटीज' या वेबसाइटवर एके काळी लक्षावधी लोकांनी आपापली पाने फुकट मांडली होती. 'याहू'ने ती १९९९ साली घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लोकांची वर्षानुवर्षांची पाने जागेवरून गेली. दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान ओट्याच्या मालकाच्या मर्जीवर चालते.

हे सारे ऐकून मुलगा थोडा हिरमुसला. आम्ही त्याला म्हणालो, "बाळ, वेबसाइट करू नकोस असे नाही, आधी वही काढ." वही आली. आगळाची बाटली गिऱ्हाइकाला घरपोच अडीचशे रुपयांस पडावी, असे त्याच्या मनात होते. माल एकशेवीस, बाटली व खोके वीस, पाठवणावळ सत्तर, उरले चाळीस. साठ हजार फेडावयाचे, तर दीड हजार बाटल्या विकल्या पाहिजेत, आणि त्यात व्याज धरलेले नाही, वाटेत फुटणारी बाटलीही धरलेली नाही. त्या माउलीने आजवर एका हंगामात तीनशेहून अधिक बाटल्या कधी भरल्या नव्हत्या! साठ हजारांचा आकडा ऐकताना हा हिशेब कोणीच केला नव्हता.

यास्तव आम्ही त्या घरास जे सुचविले, तेच वाचकांस सुचवितो. प्रथम ओळखीच्या माणसांना, पुणे-मुंबईस असलेल्या नातलगांना फोनवरून विचारावे आणि वीस बाटल्या पाठवून पाहाव्या. खाद्यपदार्थ विकावयाचा, तर 'एफ.एस.एस.ए.आय.' या सरकारी प्राधिकरणाकडे नोंदणी करून घ्यावी. ज्यांनी एकदा घेतले ते पुन्हा मागतात काय, हे पाहावे. मागत असतील, तर मग लहानशी वेबसाइट करावी. तीही कर्जाने नव्हे, तर विक्रीतून उरलेल्या पैशातून. नाव स्वतःच्या नावे नोंदवावे आणि परवलीचे शब्द आपल्याजवळ ठेवावे. आणि जो कोणी दरमहा अमुक मिळकतीची हमी देऊन आगाऊ पैसे मागतो, त्याला ती हमी लेखी मागावी. बहुधा तो पुन्हा दारात दिसणार नाही. पैसे आधीच देऊन फसगत झाली असेल, तर लाजून गप्प न बसता १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ फोन करावा. विलंब जितका कमी, तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

दिवाळीनंतर त्या घरी पुन्हा जाणे झाले. वीस बाटल्यांपैकी दोन वाटेत फुटल्या होत्या. अठरा घेणाऱ्यांपैकी सातजणांनी पुन्हा मागणी केली होती. मुलाने खोक्यात गवताऐवजी जाड पुठ्ठा घालण्यास सुरुवात केली होती आणि वहीत त्या सातजणांची नावे वळणदार अक्षरांत लिहून ठेवली होती. वेबसाइट अजून झालेली नाही. पुढल्या उन्हाळ्यात करू म्हणतो. चहाचा पेला आमच्यापुढे ठेवताना माउलीच्या हातातील बांगड्या वाजल्या, तेव्हा तो आमच्याकडे पाहून किंचित हसला.