चाचणी पास, कंपनी नापास

यंत्र चोख चालतं, तरी शेअर मातीमोल होतो. असं का?

कॅलिफोर्नियातल्या ल्युसिरा हेल्थचं पाहा. नाकातला नमुना घेऊन घरच्या घरी, अर्ध्या तासात कोविडचा निकाल देणाऱ्या तिच्या संचाला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२० मध्ये तातडीची परवानगी दिली. पूर्णपणे घरी करता येणारी ती तिथली पहिलीच चाचणी. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेअर १७ डॉलरला बाजारात आला.

छोट्या निदान कंपनीची सारी भिस्त बहुधा एकाच उत्पादनावर असते. कारखाना आणि पगार यांचा खर्च थांबत नाही. विक्री मात्र साथीच्या लहरीवर. साथ ओसरली की दिवाळीत उरलेल्या छत्र्यांसारखे संच पडून राहतात. छत्र्यांना निदान वापराची मुदत तरी नसते! नवं उत्पादन आणायचं तर पुन्हा परवानगीची वाट, तोवर रोकड आटत जाते. म्हणून जाणकार अचूकतेच्या टक्क्यांआधी शिल्लक पैसा किती महिने पुरेल ते बघतात.

ल्युसिराची कोविड आणि फ्लू एकत्र ओळखणारी चाचणी अशीच रखडली. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. परवानगी आली २४ तारखेला. पुढे फायझरने तिची मालमत्ता सुमारे ३.६ कोटी डॉलरला घेतली.