जिथे रेल्वेचे डबे उभे राहत...

‘आफ्रिका मर्सी’ हे मूळचं डेन्मार्कचं, आगगाड्या पलीकडच्या किनाऱ्यावर पोहोचवणारं फेरीजहाज. ‘मर्सी शिप्स’ संस्थेनं त्याचं रुग्णालय केलं आणि २००७ पासून ते आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकू लागलं. डबे उभे राहत त्या डेकवर आता वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटरं. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, मुलांचे वाकलेले पाय, घास गिळणंही अवघड करणाऱ्या जबड्याच्या गाठी: शस्त्रक्रिया मोफत. डॉक्टर-नर्सना पगार नाहीच; वर राहण्या-जेवणाचा खर्च बहुतेक जण पदरचा करतात! (स्वयंसेवकांत आचारी आणि इलेक्ट्रिशियनही असतात; जहाज नुसत्या सर्जनवर चालत नाही.) खरा प्रश्न जहाज निघून गेल्यावरचा, म्हणून स्थानिक डॉक्टरांना प्रशिक्षणही दिलं जातं.