लाल बावट्याचं लोकनाट्य

● सुरुवात : १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी मुंबईत ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं.

● बदल : अण्णाभाऊंच्या तमाशातल्या गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनगीतात, गणपतीऐवजी मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकऱ्यांना वंदन.

● बंदी : मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा तोच बाज ‘लोकनाट्य’ म्हणून रंगमंचावर आला.

● घर आणि लढा : अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड पोटासाठी मुंबई गाठलेल्या कामगाराच्या विरहातून थेट संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत पोचते. बेळगाव, कारवार, निपाणीची ताटातूट त्यात घरच्या दुःखाइतकीच जिव्हारी लागते.

● दक्षिण आफ्रिकेतही : लोकांच्या रंगभूमीवर सरकारी बडगा तिथंही उगारला गेला. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये संगीत नाटकं गाजवणारे गिब्सन केंटे यांना ‘हाउ लाँग’ या चित्रपटाच्या चित्रीकरणावेळी, १९७६ मध्ये, अटक झाली.