सामुदायिक वाटाघाटी आणि शिक्षकाचे वेतन

एकटा शिक्षक वेतनाविषयी बोलू लागला, तर ती विनंती ठरते. सर्व शिक्षकांनी निवडलेली संघटना बोलू लागली, तर त्यातून करार होऊ शकतो. या पद्धतीस सामुदायिक वाटाघाटी म्हणतात. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची वेतनश्रेणी राज्य शासन ठरविते आणि संघटना निवेदने सादर करतात. अमेरिकेत ज्या राज्यांचा कायदा अनुमती देतो, तेथे हा करार स्थानिक शाळा-मंडळाशी होतो. त्यांपैकी विस्कॉन्सिन राज्याचा अनुभव विशेष उद्बोधक आहे.

स्थानिक संस्थांच्या सेवकांना असा हक्क कायद्याने देणारे ते पहिले राज्य होय. हे १९५९ साली घडले. संपास मात्र बंदी होती. १९७४ साली हॉर्टनव्हिल या गावी करार होईना, म्हणून शिक्षकांनी संप केला. शाळा-मंडळाने ८४ शिक्षकांना कामावरून काढून टाकले आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा तो अधिकार मान्य केला. वाटाघाटी खुंटल्यास निवाडा कोणी करावयाचा, हे ठरलेले नसेल तर हक्क किती दुबळा राहतो, हे त्यावरून दिसून आले.

१९७७ च्या कायद्याने ही उणीव दूर केली. उभय पक्षांनी आपला अंतिम प्रस्ताव द्यावयाचा व लवादाने त्यांपैकी एकच, जसाच्या तसा, स्वीकारावयाचा. अवाजवी मागणी करणारा पक्ष सर्वस्वी हरण्याचा संभव असल्याने दोघांनाही संयम पाळावा लागे. करारात वेतनाबरोबरच आरोग्य-विमा, कामाचे तास व तक्रार-निवारण यांचाही समावेश होई.

२०११ साली नवा कायदा झाला. त्याने वाटाघाटी मूळ वेतनापुरत्या मर्यादित केल्या. महागाईच्या प्रमाणापेक्षा अधिक वाढीसाठी मतदारांचा कौल आवश्यक ठरला. निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा निम्मा भार शिक्षकांवर पडला. अनेक मंडळांनी शिक्षण व सेवाकाल यांवर आधारलेली वेतनश्रेणी सोडून व्यक्तिशः वेतन ठरविण्यास आरंभ केला. काही गुणी शिक्षकांना त्याचा लाभ झाला. परंतु बार्बरा बियासी व हेदर सार्सन्स यांच्या संशोधनात असे आढळले की, पात्रता व अनुभव समान असूनही शिक्षिकांचे वेतन शिक्षकांच्या मागे पडले. तरुण शिक्षिकांच्या बाबतीत ही तफावत अधिक होती.

सारांश, रकमेइतकेच महत्त्व ती ठरविण्याच्या रीतीस आहे. संघटनेचे निवेदन लिहिताना वाढीच्या मागणीबरोबर ती कोणत्या नियमाने मिळावी व मतभेद झाल्यास निर्णय कोणी द्यावा, हेही स्पष्ट नमूद करणे हितावह होय.