माळ्यावर होम जिम? वजनापेक्षा हादऱ्याचं गणित वेगळं!

न्यूजर्सीत घर बांधणाऱ्या तुमच्या भावाने छपराखालच्या माळ्यावर जिम करायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न येतो: एवढं वजन पेलेल का? खरा प्रश्न मात्र दुसराच आहे.

अमेरिकेतली बहुतांश घरं लाकडी असतात. छपराला कारखान्यात जोडलेले त्रिकोणी ट्रस, म्हणजे आपल्या कौलारू घरातली कैचीच. माळ्यावर खोली हवी असेल तर ‘अ‍ॅटिक ट्रस’ घेतात. त्यात मधले तिरके आधार काढून जागा मोकळी करतात. गोम इथेच आहे. खालची आडवी तुळई आता खोलीच्या रुंदीत एकटी पडते. तीच जिमची जमीन आणि तीच खालच्या बेडरूमचं छत!

तिथल्या नियमांत राहत्या माळ्यासाठी चौरस फुटाला ३० पौंड भार धरतात, दिवाणखान्यासाठी ४०. आता १२० किलोची ट्रेडमिल आणि ८० किलोचा माणूस ६ बाय ३ फुटांत धरा. चौरस फुटाला साधारण २४ पौंड. म्हणजे पास?

कागदावर हो. पण धावताना प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोराने आदळतं, तेही सेकंदाला जवळपास तीनदा. जमिनीच्या स्वतःच्या कंपनाशी हा ठेका जुळला की हादरे वाढत जातात. २०११ मध्ये सोलमधली ३९ मजली इमारत हादरली, तेव्हा तपासकर्त्यांनी बोट दाखवलं ते जिममधल्या सामूहिक व्यायामाकडे.

म्हणून ताकदीइतकाच ताठपणा बघायचा. नियमानुसार तुळई लांबीच्या ३६० व्या भागापर्यंत वाकली तरी चालते. १५ फुटांच्या खोलीत हा अर्धा इंच होतो. जिमसाठी ७२० वा भाग, म्हणजे पाव इंच मागितलेला बरा. खोली फक्त २० टक्के रुंद केली तर वाक दुप्पट होतो. उलट तुळईची उंची १० वरून १२ इंच केली की ताठपणा सुमारे १.७ पट. ट्रसमधलं अंतर २४ ऐवजी १६ इंच ठेवलं तरी फरक पडतो.

हे सगळं ट्रसची ऑर्डर देण्याआधी सांगितलं तर स्वस्तात होतं. नंतर रबरी मॅट टाकून आवाज कमी होईल, वाक नाही. ट्रसचा तुकडा इंजिनिअरला न विचारता कापणं तर धोक्याचंच. घर आधीच बांधून झालं असेल, तर वजनांचा रॅक खालच्या भिंतीच्या जवळ ठेवा. आणि डेडलिफ्टचा बार जमिनीवर आपटायची हौस असेल, तर गॅरेजमधला काँक्रीटचा कोबा आहेच.